नील बेट, जानेवारी ते एप्रिल: मुक्काम दोन रात्रींचा, घड्याळ ओहोटीचं

अंदमानच्या बहुतेक पॅकेज सहलींत नीलच्या वाट्याला जेमतेम चार तास येतात. शेजारच्या हॅवलॉक बेटाहून सकाळची बोट, जेटीवर उभी असलेली गाडी, घाईघाईत तीन किनारे आणि दुपारची बोट पोर्ट ब्लेअरला. परतलेली मंडळी मग सांगतात, "नीलला काही नाही, नुसते दगड." त्यांचं खोटं नसतं. ते भरतपूरच्या किनाऱ्याला ओहोटीत पोचलेले असतात, नाहीतर खडकाच्या नैसर्गिक पुलाकडे भरतीत. या बेटावर काय दिसणार हे पाण्याची पातळी ठरवते आणि चार तासांत ती सोयीची मिळाली तर केवळ नशीब. म्हणून आधीच सांगतो: दोन रात्री राहणार असाल तर नील हॅवलॉकपेक्षा सरस आहे. धावती भेटच द्यायची असेल तर तो दिवस हॅवलॉकलाच घालवा.

नावांचा घोळ आधी मिटवू. ३० डिसेंबर २०१८ रोजी नीलचं नाव शहीद द्वीप झालं आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. तिकिटांवर नवी नावं, रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनी. ज्या जेम्स नीलच्या नावाने हे बेट ओळखलं जायचं तो १८५७ च्या उठावात क्रूरपणे सूड उगवणारा इंग्रज अधिकारी. तेव्हा नवं नाव योग्यच. इथे जुनं वापरलंय ते फक्त ओळखीचं म्हणून.

आता मुख्य गोष्ट, पाणी. कोकणातल्या माणसाला उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान) समजावून सांगायला नको. पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला हिशेब इथे चालत नाही. तो आपल्या किनाऱ्याचा आहे, अंदमानात भरतीची वेळ वेगळी पडते. घरच्या दिनदर्शिकेत भरती-ओहोटी छापली असेल तर तीही मुंबईची. फोनवर पोर्ट ब्लेअरचं भरतीचं वेळापत्रक मिळतं, नीलला तेच धरून चालतं. निघण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवा, कारण बेटावर नेट मिळेलच असं नाही.

वेळापत्रकात दोन गोष्टी बघायच्या: ओहोटीची वेळ आणि त्यापुढचा पाण्याच्या पातळीचा आकडा. अमावास्या-पौर्णिमा आणि नंतरचे दोन दिवस ओहोटीचा आकडा पाव ते अर्ध्या मीटरपर्यंत उतरतो. अष्टमीच्या सुमारास तो पाऊण-एक मीटरवरच अडतो. उधाणाला इथे भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटरचा, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. तरीही पाणी खूप लांब हटतं, कारण किनाऱ्यापुढचा प्रवाळाचा कट्टा जवळपास सपाट आहे. पाणी थोडं उतरलं तरी मोठा पट्टा उघडा पडतो. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आणि ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो. दोन दिवसांचा कार्यक्रम एवढ्यावर बसतो.

नैसर्गिक पूल लक्ष्मणपूर २ या किनाऱ्याला आहे. बेटावर बंगाली वस्ती असल्याने त्याला हावडा ब्रिजही म्हणतात. गाडीतळापासून शहाळ्यांच्या टपऱ्यांवरून खाली उतरलं की पुढे सगळी खडपं. ओहोटीच्या वेळेआधी दीड तास पोचायचं आणि पाणी चढू लागल्यावर तासाभरात परतायचं. पुलाच्या कमानीखाली फोटो काढून लोक लगेच मागे फिरतात, पण खरी गंमत वाटेतल्या डबक्यांत आहे. समुद्रकाकड्या, तारामासे, ओठ मिटणारे मोठे शिंपले, खेकडे आणि अडकून पडलेले रंगीत मासे तिथे दिसतात. काही उचलायचं नाही, काठीने डिवचायचं नाही. चपला नकोत, इथे घसरणाऱ्यांत चपलावालेच जास्त. मागून पट्टा असलेले, रबरी तळाचे सँडल हवेत. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय टाकू नका, करड्या खरबरीत दगडावर टाका. वाटाडे मिळतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने जरूर घ्यावा, कारण ऑक्टोपस दगडाच्या फटीत बसलेला असला तरी आपल्याला दिसत नाही, त्यांना दिसतो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी मात्र वरच्या टपरीवर शहाळं घेऊन बसावं. ही वाट त्यांच्यासाठी नाही.

भरतपूर याच्या बरोबर उलटं. जेटीला लागूनच आहे, पाणी पोपटी-निळं आणि उथळ, पोहायला बेटावर यापेक्षा चांगली जागा नाही. पण भरतीच्या आगेमागे दोन तासच. ओहोटीत गुडघाभर पाणी, खाली मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे, आणि काचेच्या तळाची बोट वाळूवर टेकलेली. ही बोट अर्धी भरती झाल्यावर घ्यावी आणि ऊन डोक्यावर असताना घ्यावी. तिरप्या उन्हात तळ काळपट दिसतो आणि मग बोटवाल्याशी हुज्जत घातली जाते. जेट स्कीच्या पट्ट्यापासून लांब पोहा.

म्हणजे ओहोटी सकाळी आठला असेल तर साडेसहाला पुलाकडे, दुपारी दीड-दोनला भरतपूर. ओहोटी दुपारी दोनला असेल तर सकाळी आठला भरतपूर, जेवून पुलाकडे. ओहोटी अकराला आली तर दिवस अडचणीचा. भर उन्हात खडपं तुडवावी लागतात आणि भरती येईतो अंधार. अशा वेळी पूल सकाळी नऊलाच उरकायला घ्यावा आणि पोहणं दुसऱ्या दिवशी पहाटे, भरती ओसरायच्या आत करावं. दुसरी रात्र त्यासाठीच.

अंधाराचा हिशेबही बहुतेकांचा चुकतो. घड्याळ तेच, पण हे बेट मुंबईच्या वीस अंश पूर्वेला. जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वापाचच्या आत मावळतो, मार्च-एप्रिलमध्ये साडेपाचच्या सुमारास. लक्ष्मणपूर १ चा सूर्यास्त बघायचा तर साडेचारला तिथे हजर राहायला हवं. "चहा घेऊन पाचला निघू" म्हणणारे अंधारात पोचतात. त्या पांढऱ्या पुळणीवर दिवे नाहीत. रिक्षा परतीसाठी थांबवून ठेवा. सूर्योदयाला सीतापूर. एप्रिलमध्ये पाच-दहालाच सूर्य वर येतो, आणि जेटीकडून पाच किलोमीटर जायचं आहे. पूर्ण भरतीत सीतापूरची वाळू जवळपास बुडते आणि लाटा कड्याला भिडतात. कडेच्या कपारी बघायच्या तर तिथेही ओहोटीच हवी.

महिन्यांचं बोलायचं तर पोर्ट ब्लेअरला वर्षात साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जानेवारी ते मार्च जवळजवळ कोरडे. सगळे याला एकच हंगाम समजतात, पण त्यातही फरक आहे. जानेवारीत ईशान्येचा वारा असतो. हवा सुखद, पण पूर्वेकडे तोंड असलेलं सीतापूर खवळलेलं आणि बोटीला हेलकावे. फेब्रुवारीच्या मध्यापासून वारा पडतो. मार्चमध्ये समुद्र सर्वांत शांत, पाणी काचेसारखं. आमची पसंती मार्चचा पहिला पंधरवडा. शाळांच्या सुट्ट्यांमुळे एप्रिल निवडावा लागत असेल तर सकाळी दहा ते तीन सावलीत काढायची तयारी ठेवा, दमट उकाडा कोकणातल्या मेसारखाच. याच दिवसांत उथळ पाणी तापून प्रवाळ पांढरं पडतं. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं. ते पांढरं दिसणारं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, आजारी असतं. त्यावर उभं राहिलात तर नक्की मरतं.

कोरड्या हंगामाची खरी किंमत गोड्या पाण्यात मोजावी लागते. बेटावर मोठी नदी नाही, विहिरी आणि पावसाच्या साठ्यावर भिस्त. मार्चनंतर कित्येक ठिकाणी नळाला मचूळ पाणी येतं, साबणाला फेस येत नाही. खोली घेताना एसीच्या आधी दोन प्रश्न विचारा: पाण्याची टाकी किती मोठी, आणि वीज गेल्यावर जनरेटर पंपालाही चालतो की फक्त दिव्यांना? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना मालक अडखळला तर पुढची खोली बघा. बादलीने अंघोळ करा. तुमच्या शॉवरचं पाणी शेजारच्या भाजीच्या वाफ्याच्या वाट्याचं आहे.

वाफे म्हणजे खरेच वाफे. नील हे अंदमानचं भाजीचं कोठार आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वसवलेलं हे बेट, गावांची नावं रामायणातली. नील केंद्रच्या बाजारात भाजी ताजी मिळते, त्यामुळे शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. साध्या खानावळीतली मासळी थाळी मोहरीच्या तेलातली असते. चव आपल्याला नवी, पण मासळी ताजी. किनाऱ्यावरच्या रंगीत दिव्यांच्या हॉटेलांत दुप्पट पैसे देऊन कमी चव मिळते. रात्रीचं जेवण आठच्या आत सांगून ठेवा, नऊनंतर चुली विझतात.

खासगी वेगवान बोट पोर्ट ब्लेअरहून तास-दीड तासात आणते, हॅवलॉकहून साधारण तासाभरात. भाडं माणशी, एका फेरीला, हजाराच्या वर. सरकारी बोट खूप स्वस्त, दोन तासांची, वर मोकळ्या हवेत उभं राहता येतं. पण तिकिटं मोजकेच दिवस आधी खुली होतात आणि पटकन संपतात. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या, बोट हलल्यावर नाही. जागा मधली किंवा मागची घ्या, खालच्या मजल्यावर. मूळ ओळखपत्र जवळ हवं.

पाणबुड्याचा अनुभव, म्हणजे स्कुबा, इथे हॅवलॉकपेक्षा कमी गर्दीत घेता येतो. सर्दी असेल तर पाण्याखाली जाऊ नका, कान मोकळे होत नाहीत. दम्याची माहिती फॉर्मवर लपवू नका. मिशी असलेल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतं. ओठावर थोडं व्हॅसलिन लावलं की बरंच थांबतं. डुबकी आणि विमान यांत किमान १८ तास जाऊ द्या.

बेटावर फिरायला स्कूटर दिवसाला पाचशेच्या आसपास. रस्ते सपाट आहेत, जानेवारी-फेब्रुवारीत सायकलनेही काम भागतं. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. २०२० मध्ये समुद्राखालून चेन्नईहून केबल आली, तिच्या यादीत स्वराज द्वीप होतं, नील नव्हतं. त्यामुळे यूपीआय ऐन वेळी फिरत बसतं. संध्याकाळी वाळूवर बारीक माश्या चावतात, खाज आठवडाभर राहते. पायांना खोबरेल तेलाचा जाडसर हात मारला तर त्या बसत नाहीत. शंख, प्रवाळाचा तुकडा, काहीही पिशवीत टाकू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली प्रवाळ नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.

परतीची बोट विमानाच्या आदल्या दिवशीचीच घ्या. वारा वाढला की फेरी रद्द होते, आणि विमान थांबत नाही. ती मधली संध्याकाळ सेल्युलर जेलला द्या. दुपारी तीनच्या आत पोचलात तर कोठड्यांचे मजले उजेडात बघून होतात.