ऑक्सिजन मशीन घेताना ‘१ ते ७ लिटर’ला भुलू नका

एका हाताने उचलता येईल असं, ‘१ ते ७ लिटर’ असं ठळक छापलेलं ऑक्सिजन मशीन कुणी तुम्हाला दाखवत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमच्या आबांच्या जिवाशी असाच खेळ झाला आहे. मला खात्री आहे की खानदेशात अशी आणखी घरं आहेत, ज्यांना आपण फसलोय हे अजून कळलेलंही नाही.

आबांची सगळी नोकरी जिनिंगमध्ये गेली. कापसाची धूळ आणि विडी, दोन्हींनी फुप्फुसं पोखरली. जळगावच्या डॉक्टरांनी सीओपीडीचं (श्वासनलिका अरुंद होऊन कायम दम लागण्याच्या जुनाट आजाराचं) निदान करून मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन, दिवसातले किमान १५ तास, असं लिहून दिलं. पारोळ्याकडच्या खेड्यात सिलिंडरची ने-आण रोज कोण करणार? म्हणून कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं मशीन, घ्यायचं ठरलं.

धुळ्याच्या दुकानदाराने आधी नंदुरबारचं नाव काढलं. “भाऊ, कोरोनात भारूड कलेक्टरांनी नंदुरबारला हवेतून ऑक्सिजन काढायचे प्लांट बसवले ना? तेच तंत्र, फक्त घरगुती साइज.” आपल्या भागात या वाक्यावर कोण अविश्वास दाखवेल? दुसऱ्या लाटेत सगळीकडे सिलिंडरसाठी रांगा लागल्या होत्या, तेव्हा नंदुरबारचे प्लांट आधीच उभे होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या चांगल्या कामाचं नाव असं वापरलं गेलं, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

मग त्याने मशीन १ लिटरवर ठेवून नळीसमोर पेटती उदबत्ती धरली. ती भडकली. पडद्यावर ९३ टक्के आकडा होता, बाटलीत बुडबुडे येत होते. बत्तीस हजार दिले. (घरी हा प्रयोग कुणी करू नका. ऑक्सिजनजवळ विस्तव नेणं म्हणजे आगीला आमंत्रण.)

घरी आबांना मशीन लावलं तर बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८५-८६ वरून हलेना. सिलिंडरवर त्याच २ लिटरला तो ९१ होत असे. आबा म्हणायचे, “नाकमा वारा लागस, पन दम काही कमी होत नही.” दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “पाचवर ठेवा, नाहीतर सातवर. आणि पेशंटची तब्येतच खालावली असेल, मशीनला काय झालंय?” पाचवर ठेवलं, तरी आकडा तिथेच.

शेवटी जळगावहून कॉन्सन्ट्रेटर दुरुस्त करणारा एक मुलगा ऑक्सिजन अ‍ॅनालायझर घेऊन आला. नळीतून येणाऱ्या हवेत ऑक्सिजन किती, ते हे उपकरण मोजतं. १ लिटरला ९० टक्के आले. २ ला ५५, ३ ला ४४, ५ ला ३५ आणि ७ ला ३१. मशीनच्या पडद्यावर मात्र पूर्ण वेळ ९३. त्या पडद्यामागे मोजणारं काही नव्हतंच.

त्याने आबांच्या खाटेजवळ बसून आम्हाला सगळं समजावलं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि जेमतेम १ टक्का आर्गॉन असतो. कॉम्प्रेसर ही हवा झिओलाइटचे बारीक दाणे भरलेल्या नळकांड्यात दाबाने घुसवतो. दाबाखाली ते दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. काही सेकंदांत व्हॉल्व्ह फिरतो, हवा दुसऱ्या नळकांड्यात जाते आणि पहिल्याचा दाब सुटून धरलेला नायट्रोजन बाहेर पडतो. मशीनचा मधूनमधून येणारा फुस्स आवाज तो हाच. आर्गॉन मात्र दाण्यांना धरता येत नाही, म्हणून चांगलं मशीनही ९५-९६ टक्क्यांच्या वर जात नाही. ९९ टक्के सांगणारा खोटं बोलतोय.

आता फसवणूक कुठे आहे ते बघा. किती ऑक्सिजन मिळणार हे कॉम्प्रेसर किती हवा दाबू शकतो आणि दाणे किती आहेत यावर ठरतं. आमच्या मशीनची ताकद १ लिटरचीच होती. बटण पुढे फिरवलं की ऑक्सिजन वाढत नाही, त्यात साधी हवा मिसळत जाते. हिशोब करा: ७ लिटर ३१ टक्क्यांनी म्हणजे साध्या हवेपेक्षा ०.७ लिटर ऑक्सिजन जास्त. १ लिटर ९० टक्क्यांनीही तेवढाच, ०.६९. आबांना हवे होते २ लिटर ९३ टक्क्यांनी, म्हणजे १.४४ लिटर जास्त. लिहून दिलेल्या औषधाच्या निम्म्याहूनही कमी त्यांना मिळत होतं, आणि बुडबुडे मात्र जोरात. बुडबुडे कुठल्याही हवेचे येतात.

ओळखायच्या खुणा मशीनवरच असतात. खरं ५ लिटरचं मशीन साधारण १४ किलोच्या पुढे भरतं आणि ३०० वॉटच्या आसपास किंवा जास्त वीज घेतं. आमचं सहा किलोचं होतं आणि पाटीवर १२० वॉट. माहितीपुस्तिकेत, भिंगाने वाचावं इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत, वैद्यकीय वापरासाठी नाही असं छापलं होतं. बिलावर ‘एअर प्युरिफायर’. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे कायद्याने वैद्यकीय उपकरण आहे, त्याला परवाना लागतो. तो चुकवण्यासाठीच हे नाव.

विकत घेताना ‘जास्तीत जास्त प्रवाहाला किती टक्के’ एवढं विचारा, ते बिलावर लिहून मागा आणि अ‍ॅनालायझर लावून सगळ्यात वरच्या आकड्यावर मोजायला लावा. ८२ टक्क्यांच्या खाली जाणारं मशीन जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषातही बसत नाही. जुनं घेत असाल तर जास्तच बघा. कोरोनानंतर पडून राहिलेल्या मशीनच्या झिओलाइटला ओल लागलेली असू शकते, आणि ओल धरलेले दाणे नायट्रोजन धरत नाहीत. वरून रंग देऊन तीच नवी म्हणून खपवतात, असं त्या मुलाने सांगितलं. आपल्याकडच्या मे महिन्याचाही विचार करा. बहुतेक मशीन ४० अंशांपर्यंतच्याच तापमानासाठी बनवलेली असतात, त्यामुळे पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. आणि दम कमी होत नाही म्हणून लिटर स्वतःहून वाढवू नका, डॉक्टरांना फोन करा. सीओपीडीच्या माणसाला खरा ऑक्सिजन जास्त झाला तरी अंगात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो.

आबांना सध्या भाड्याचं ५ लिटरचं मशीन आहे, २ वर ठेवलेलं, आकडा ९०-९१. दुकानदाराने पैसे परत द्यायला नकार दिला. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद तयार करतोय. अमळनेर, पारोळा, एरंडोल, साक्री, कुठेही कुणाच्या घरी असं मशीन असेल तर ते आजच मोजून घ्या. बिल, खोका आणि ती बारीक अक्षरांची पुस्तिका फेकू नका. तक्रारीला त्याच तीन गोष्टी लागतात.