'चोवीस तास सेवा' लिहिलेल्या पाटीमागे डॉक्टर नव्हता

आमचा बंड्या पाच वर्षांचा, नसबंदी केलेला बोका आहे. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास तो वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला, दोन-तीन मिनिटे जोर करत राहिला, काहीच न करता बाहेर आला आणि लगेच परत आत गेला. पुढच्या अर्ध्या तासात असे सात-आठ वेळा झाले. वाळू कोरडीच होती. मधूनच तो आम्ही पूर्वी कधी न ऐकलेल्या खोल आवाजात ओरडायचा आणि पोटाखालचा भाग सारखा चाटत बसायचा. त्याला बद्धकोष्ठता झाली असावी असे माझे आणि माझ्या पतींचे मत पडले. ही आमची पहिली चूक होती आणि ती मी लपवत नाही, कारण लघवी अडलेला बोका नेमका असाच, शौचाला जोर करत असल्यासारखा दिसतो, हे आम्हाला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हते.

आमचे नेहमीचे डॉक्टर रात्री आठला दवाखाना बंद करतात आणि त्यांचा फोन लागत नव्हता. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात राहतो, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात रात्री कोणी ना कोणी असेलच, असे समजून फोनवर शोध घेतला आणि सगळ्यात वर आलेल्या नावाला फोन लावला. तिथे 'चोवीस तास आपत्कालीन सेवा, डॉक्टर घरपोच' असे लिहिलेले होते आणि जवळजवळ सगळे अभिप्राय पाच ताऱ्यांचे होते. ते सर्व एकाच पंधरवड्यात आणि जवळपास एकाच शब्दांत लिहिलेले आहेत, हे मी नंतर, शांतपणे बसून वाचले तेव्हा लक्षात आले.

फोन घेणाऱ्या माणसाने आम्ही कुठे राहतो एवढेच विचारले. "ताई, काही काळजी करू नका, डॉक्टर निघालेच समजा. फक्त आधी पंधराशे टाका, म्हणजे गाडी काढतो," असे तो म्हणाला. जनावर नर आहे की मादी, वय किती, काय होते आहे, यातले त्याने काहीही विचारले नाही. मी पैसे पाठवले. पैसे पाठवताना फोनवर उमटलेले नाव दवाखान्याचे नव्हते, कोणा खासगी व्यक्तीचे होते. ते मी पाहिले आणि घाईत पुढे गेले.

सव्वाबाराला तिशीतला एक माणूस खांद्यावर बॅग घेऊन आला. त्याने बंड्याचे वजन केले नाही, ताप पाहिला नाही, पोटाला हात लावला नाही. पाठीवरून एकदा हात फिरवून त्याने 'युरीन इन्फेक्शन' असे निदान सांगितले, कातडीखाली सलाईन दिले आणि दोन इंजेक्शने टोचली. त्यातले एक 'लघवी सुटायचे' आहे, असे तो म्हणाला. मग रात्रीचा दर, घरी येण्याचा दर आणि 'इमर्जन्सी' असे म्हणत त्याने आणखी सहा हजार रुपये मागितले. म्हणजे एकूण साडेसात हजार झाले. मी चिठ्ठी मागितली, तर "सोमवारी दवाखान्यात या, सगळे कागद तयार ठेवतो" असे सांगून तो निघून गेला. रिकाम्या बाटल्या तो आमच्याच ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून गेला होता, आणि ते पुढे फार उपयोगी पडले.

पहाटे चारला बंड्याला उलटी झाली. साडेचारला दुसरी झाली. त्यानंतर तो न्हाणीघरातल्या गार फरशीवर आडवा पडला आणि हाक मारली तरी मान वळवेना. मी त्या माणसाला फोन केला, तेव्हा "औषध काम करते आहे, उलटी होणारच" असे उत्तर मिळाले. पुढचे तीन फोन त्याने उचलले नाहीत.

आमच्या इमारतीत एक काकू रस्त्यावरच्या मांजरांना रोज खायला घालतात. साडेपाचला त्यांचे दार वाजवले. त्यांनी एक क्षणही न दवडता सातारा रस्त्याकडच्या एका दवाखान्याचा क्रमांक दिला, कारण तिथे रात्रपाळीला खरोखरच डॉक्टर असतात हे त्यांना अनुभवाने माहीत होते. फोन डॉक्टर बाईंनी स्वतः घेतला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "नर आहे की मादी?" आणि दुसरा, "शेवटची लघवी कधी केलेली तुम्ही पाहिली?" मी उत्तर दिल्यावर त्यांनी सांगितले, "आता थांबू नका, तसेच घेऊन या. आणि रात्री जे काही दिले असेल त्याच्या बाटल्या मिळाल्या तर बरोबर आणा." पैशांचा विषय त्या फोनवर निघालाच नाही.

दवाखान्यात त्यांनी आधी वजन केले. मग बंड्याच्या पोटाच्या मागच्या भागावर माझी बोटे ठेवून दाखवले. कातडीखाली पेरूएवढा एक कडक गोळा हाताला लागत होता. ते त्याचे मूत्राशय होते. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी अतिशय अरुंद असतो आणि लघवीतले खडे किंवा चिकट गाळ तिथे अडकला की वाट पूर्ण बंद होते. मग मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि शेवटी हृदय थांबते. पूर्ण अडथळा असेल तर एक-दोन दिवसांतच जनावर दगावू शकते. बंड्याचे पोटॅशियम ८.१ निघाले, ते साधारणपणे साडेपाचच्या आत असायला हवे. मांजराच्या हृदयाचे ठोके दवाखान्यात मिनिटाला १४० ते २२० असतात, त्याचे ११० वर आले होते.

मी पिशवीतून बाटल्या काढून दिल्या. डॉक्टर बाईंनी एक छोटी काचेची बाटली दिव्याखाली धरून नाव वाचले आणि क्षणभर काही बोलल्या नाहीत. ते फ्युरोसेमाइड होते, म्हणजे शरीरात लघवी अधिक तयार व्हावी म्हणून द्यायचे औषध. नळाचे तोंड बंद असताना टाकी भरत राहावी, असा तो प्रकार होता, आणि त्यावर कातडीखालचे सलाईनही दिलेले होते. मूत्राशय हाताने चाचपून पाहिलेला कोणताही पशुवैद्य ते इंजेक्शन देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

त्यांनी आधी हृदयाला सांभाळण्यासाठी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिले, सलाईन सुरू केले, गुंगी देऊन मूत्रमार्गात कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढणारी बारीक नळी, घातला. पहिली लघवी चहाच्या रंगाची, रक्तमिश्रित आली. बंड्या तीन दिवस तिथे होता. खर्च अठरा हजारांच्या वर गेला, पण उपचार सुरू करण्यापूर्वी अंदाजपत्रक लिहून मिळाले होते, धोके सांगून संमतीपत्रावर सही घेतली होती आणि शेवटच्या बिलात प्रत्येक तपासणी वेगळी नोंदवलेली होती. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण रात्रीचे उपचार महाग असतात म्हणून प्रत्येक महाग दवाखाना लुबाडणारा ठरत नाही. रात्रपाळीचे डॉक्टर, मदतनीस, रक्ततपासणीची यंत्रे, प्राणवायू या सगळ्याला पैसे लागतातच. आमची फसवणूक साडेसात हजारांत झाली आणि अठरा हजारांत जीव वाचला.

सोमवारी मी त्या 'दवाखान्याच्या' पत्त्यावर गेले. ते प्राण्यांचे खाद्य आणि पट्टे विकणारे दुकान निघाले. मागे पडदा लावलेली एक खोली होती आणि बाहेरच्या पाटीवर एका डॉक्टरांचे नाव व पदवी होती, नोंदणी क्रमांक नव्हता. ते डॉक्टर आठवड्यातून दोनदा सकाळी लसीकरणाला येतात, असे दुकानातल्या मुलाने सांगितले. शनिवारी आमच्याकडे आलेला माणूस तिथेच बसला होता. मी त्याची पदवी विचारली, तेव्हा तो म्हणाला, "मी दहा वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काढलीत, ताई." चिठ्ठी त्याने तेव्हाही दिली नाही.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय फक्त नोंदणीकृत पशुवैद्यालाच करता येतो. त्यासाठी बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. ही किंवा तिच्याशी समकक्ष मान्यताप्राप्त पदवी आणि राज्य परिषदेकडची नोंदणी लागते. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य शासनाच्या आदेशाने काही किरकोळ सेवा देता येतात, पण त्याही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि सूचनेनुसारच. रात्री बारा वाजता कोणाच्या घरी एकट्याने जाऊन निदान करणे आणि इंजेक्शन देणे त्यात बसत नाही. हाताखाली काढलेल्या वर्षांना तर या कायद्यात काहीच स्थान नाही. अनेक चांगल्या दवाखान्यांत मदतनीस फार कसबी असतात, माझा त्यांच्यावर रोष नाही. पण स्वतःला डॉक्टर म्हणवून घेणे हा वेगळा गुन्हा आहे.

म्हणून ज्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की रात्रीचा दवाखाना दिवसा, जनावर ठणठणीत असताना शोधून ठेवावा, आणि तोही फोनवर नव्हे तर प्रत्यक्ष जाऊन. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारावा. खऱ्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही, बहुतेकांच्या चिठ्ठीवर तो छापलेलाच असतो. 'चोवीस तास' याचा अर्थ काय, हे स्पष्ट विचारावे. रात्री दोन वाजता तिथे डॉक्टर जागे असतात, की मदतनीस असतो आणि डॉक्टरांना फोन करून बोलवावे लागते, की फक्त फोन घेणारा माणूस असतो, या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री शस्त्रक्रिया होते का, हेही विचारावे. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचे पोट अचानक फुगून जठराला पीळ पडला किंवा नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला, तर इंजेक्शन देऊन सकाळपर्यंत थांबता येत नाही, आणि जिथे शस्त्रक्रियेची सोय नाही तिथे नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही. रक्ततपासणी, क्ष-किरण आणि प्राणवायू तिथेच आहे की बाहेर पाठवतात, हेही त्याच भेटीत कळते.

जवळपास पशुवैद्यकीय महाविद्यालय असेल तर तिथल्या चिकित्सालयाच्या वेळा आधीच पाहून ठेवाव्यात. मुंबईत परळला १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यातल्या शिरवळ इथेही महाविद्यालये आहेत. माझा सगळ्यात जास्त विश्वास मात्र आता रस्त्यावरच्या जनावरांची काळजी घेणाऱ्या लोकांवर आहे. कोणत्या दवाखान्यात मध्यरात्री दार उघडते, हे त्यांनी स्वतः रिक्षातून जाऊन पाहिलेले असते. आम्ही त्या काकूंचे दार साडेपाचऐवजी अकराला वाजवले असते, तर बंड्याचे साडेसहा तास वाचले असते.

आणि घरी कोणी आलेच, तर जनावराचे वजन न करता आणि पोट न चाचपता सुई हातात घेणाऱ्याला थांबवावे. प्रत्येक बाटलीचा फोटो काढावा. चिठ्ठी दिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

आम्ही तीन ठिकाणी तक्रार केली आहे. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीबद्दल, लेखी अर्ज दिला. नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे त्या माणसाविरुद्ध नव्हे, तर आपले नाव पाटीवर वापरू देणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार पाठवली, कारण परिषदेची शिस्तभंगाची कारवाई नोंदणी असलेल्यांवरच होऊ शकते. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला; घटनेपासून दोन वर्षांच्या आत तो करता येतो आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्या काचेच्या बाटल्या, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि डॉक्टर बाईंनी लिहून दिलेला सविस्तर अहवाल हे आमचे पुरावे आहेत. अर्ज दिल्यानंतर आठवड्याने त्या माणसाचा फोन आला होता की साडेसात हजार परत करतो, तेवढी तक्रार मागे घ्या. आम्ही नाही म्हणालो.

बंड्या आता पाण्यात कालवलेले ओले अन्न खातो, घरात तीन ठिकाणी त्याच्यासाठी पाण्याच्या वाट्या ठेवल्या आहेत आणि त्याच्या ट्रेमधली वाळू ओली झाली की नाही, हे मी रोज सकाळ-संध्याकाळ हात लावून पाहते. त्या दुकानावरची पाटी उतरली आहे. फोनवरच्या यादीत दवाखान्याचे नाव बदलले आहे, क्रमांक मात्र तोच आहे. गेल्या आठवड्यात माझ्या बहिणीने आपल्या फोनवरून तिथे विचारणा केली, तेव्हा त्याच माणसाने आधी पंधराशे टाकायला सांगितले.