४००जी डीआर४ सिलिकॉन फोटोनिक्स मॉड्यूल: महापे-ऐरोलीच्या रॅकसाठी कसं आहे?

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये, एकाच इमारतीत रॅक ते रॅक ४०० गिगाबिट हवं असेल, तर क्यूएसएफपी-डीडी आकाराचं डीआर४ मॉड्यूल (स्विचच्या पोर्टमध्ये खोचायचं, विजेचा सिग्नल प्रकाशात बदलून फायबरवर पाठवणारं उपकरण) ही आजची शहाणपणाची खरेदी आहे. मात्र लॉसचा, म्हणजे वाटेत घटणाऱ्या प्रकाशाचा, हिशेब आणि कनेक्टरची सफाई मन लावून करणारा माणूस साइटवर हवा.

सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही. म्हणून यात लेझर इंडियम फॉस्फाइडचा असतो, मॉड्युलेटर आणि प्रकाशाच्या वाटा सिलिकॉन चिपवर कोरलेल्या असतात आणि प्रकाश टिपायला जर्मेनियम. १३१० नॅनोमीटरचे एक-दोन लेझर चारही लेनना (समांतर चॅनेलना) वाटून देता येतात. प्रत्येक लेनला वेगळा लेझर लागणाऱ्या रचनेपेक्षा हे सुटसुटीत आहे.

‘प्रकाश आहे म्हणून जलद’ या विक्रेत्याच्या वाक्यावर जाऊ नका. काचेतून सिग्नलला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात आणि तांब्यातही फार वेगळं नाही. फायदा रुंदीचा आणि अंतराचा आहे. एका लेनवर ५३.१२५ गिगाबॉड, म्हणजे सेकंदाला तितके अब्ज सिम्बॉल, प्रत्येक सिम्बॉलमध्ये दोन बिट (ही पीएएम४ पद्धत), अशा चार लेन. इतक्या वेगाला साधी तांब्याची डॅक केबल दोन-तीन मीटरपुढे टिकत नाही. डीआर४ ५०० मीटर जातं. एकाच रॅकमध्ये वरच्या स्विचपासून सर्व्हरपर्यंत जायचं असेल तर मात्र डॅकच घ्या. स्वस्त पडते आणि वीजही जवळपास खात नाही.

आता खरी अडचण. पूर्ण लिंकला परवानगी आहे फक्त ३ डीबी (डेसिबल) लॉसची. ५०० मीटर फायबर त्यातला पाव डीबी खातं, उरलेले २.७५ कनेक्टरसाठी. साध्या एमपीओ (एकाच प्लगमध्ये बारा फायबर) जोडाला ०.७५ डीबीपर्यंत धरावे लागतात, म्हणजे चार जोड झाले की ३ डीबी तिथेच संपले. पॅच पॅनलवर पॅच पॅनल चढवलेल्या जुन्या हॉलमध्ये लिंक रडते ती यामुळे. ०.३५ डीबीचे लो-लॉस एमपीओ घ्या आणि मधले जोड कमी करा. मॉड्यूलमधल्या एमपीओला पिना असतात, म्हणून केबल बिनपिनांची, हिरव्या टोकाची, आठ अंशांच्या एपीसी, म्हणजे तिरक्या, घासणीची हवी. थेट जोडणीला टाइप बी (दोन टोकांना फायबरचा क्रम उलटा). सपाट टोकाची केबल खोचली तर परावर्तन वाढतं आणि पीएएम४ ला ते अजिबात सोसत नाही.

एमआयडीसीतली धूळ बारीक असते. कॅप काढून पाच मिनिटं ठेवलेली केबलही अस्वच्छच समजा. क्रम एकच: स्कोपने बघा, क्लिक क्लीनरने कोरडं पुसा, पुन्हा बघा, मगच लावा. मॉड्यूलच्या बाजूचं तोंडही पुसायचं असतं. बरेच जण फक्त केबल पुसतात आणि घाण परत तिच्यावर येते. आयसोप्रोपिल वापरलंच तर लगेच कोरडं पुसा. बारा फायबरपैकी कडेची चार-चार वापरात असतात, पण मधली चारही पुसा, कारण तिथला कण सरकून शेजारी जातो. ४००जी मोडमध्ये एक लेन गेली की अख्खा पोर्ट जातो.

स्विचवर प्रत्येक लेनची आरएक्स पॉवर (पोचलेला प्रकाश) बघा: उणे ५.९ डीबीएमच्या खाली नको, आणि एकच लेन इतरांपेक्षा दीड-दोन डीबी खाली असेल तर कनेक्टर घाण आहे. त्याहून महत्त्वाचा आकडा एफईसीच्या (चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या कोडच्या) आधीचा एरर रेट. मर्यादा २.४ × १०⁻⁴. तोवर एफईसी सगळं झाकून घेतं, पुढे लिंक धाडकन पडते. म्हणून १०⁻⁵ कडे सरकायला लागलं की तेव्हाच फायबर पुसा.

४००जीचा पोर्ट चार १००जी-डीआरमध्ये फोडताना आणखी एक सापळा आहे. क्यूएसएफपी२८ आकाराचं १००जी-डीआर मॉड्यूल एफईसी स्वतः करतं, त्यामुळे त्या बाजूच्या स्विचवर एफईसी बंद ठेवावं लागतं. ४००जीच्या बाजूला मात्र आरएस-५४४ हे एफईसी चालूच. पॉवर उत्तम दिसते, पण लिंक वर येत नाही, अशा वेळी आधी हेच तपासा.

मॉड्यूल साधारण ८ ते १० वॉट खातं आणि केसचं तापमान ७० अंशांच्या आत राहायला हवं. डेटा सेंटरच्या थंड आयलमध्ये काही अडत नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसच्या खोलीत, जिथे रविवारी एसी बंद होतो, तिथे आम्ही हे सुचवणार नाही.

दोन इमारतींमध्ये केबल ट्रेच्या वळणांसकट ५०० मीटर सहज ओलांडले जातात. तिथे दोन किलोमीटरचं एफआर४ घ्या, त्याला एलसी कनेक्टरची, म्हणजे दोन फायबरची, एकच जोडी पुरते. चिपशेजारीच ऑप्टिक्स बसवलेल्या स्विचसाठी थांबावं का? एनव्हीडियाने मार्च २०२५ मध्ये तसे स्विच जाहीर केले आहेत आणि वीज वाचवण्यात ते पुढे आहेत. पण बिघडलेलं प्लगेबल मॉड्यूल दोन मिनिटांत बदलता येतं, आणि छोट्या टीमला तीच सोय अधिक मोलाची.

ऑर्डर देण्याआधी दोन नग तुमच्याच स्विचवर, तुमच्याच फर्मवेअरवर दोन दिवस भरल्या ट्रॅफिकने चालवून मागा. मॉड्यूलमधलं कोडिंग (स्विच ज्यावरून मॉड्यूल ओळखतो) जुळत नसेल तर ते तिथेच कळतं.