दातांच्या डॉक्टरने घेतलेला पाण्यातला कॅमेरा

आधीच सांगते, शार्कचे फोटो काढायचे म्हणून हा कॅमेरा घेणार असाल तर जरा थांबा. मी त्याचसाठी घेतला होता. फेब्रुवारीत मालदीवला बोटीवरच मुक्काम ठेवून आठवड्यात सोळा डाइव्ह झाल्या, बाराशेच्या वर फोटो काढले. त्यातले शार्कचे म्हणून चारचौघांना दाखवावेत असे निघाले चार. कोळंब्या आणि खेकड्यांचे मात्र इतके छान आले की नवऱ्याला वाटलं नेटवरूनच उतरवलेत.

कॅमेरा म्हणजे ऑलिंपसचा टीजी-6, त्यावर कंपनीचंच पीटी-059 हाउसिंग, म्हणजे पाणी आत न येणारी पेटी. पुण्यातल्या एका डाइव्हरकडून दोन्ही वापरलेलं घेतलं, 41 हजारांना. मॉडेल 2019चं आहे. 2023मध्ये टीजी-7 आला, पण माझं काम जुन्यावर भागतंय. नुसता कॅमेरा 15 मीटरपर्यंत पाण्यात चालतो, हाउसिंगमध्ये 45 मीटरपर्यंत. मालदीवमध्ये हौशी डाइव्हरने 30 मीटरच्या खाली जायचंच नाही असा नियम आहे, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, तुम्ही ठरवू शकता, पण शटरचा वेग कॅमेराच ठरवतो. मोठे कॅमेरे वापरणारे याला नाक मुरडतात. मुरडू देत. माझ्या एका हातात टॉर्च असतो आणि दुसऱ्याने मी खडक धरून लटकलेली असते, मला कमी बटणंच बरी.

आता शार्कचं. अटोल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं, आणि कंडू म्हणजे त्या कड्यातली खिंड. अशी खिंड वाऊ अटोलमध्ये आहे. त्या मोसमात पूर्वेच्या बाजूने समुद्राचं स्वच्छ पाणी खिंडीतून आत घुसतं, आणि त्या प्रवाहाला तोंड देऊन ग्रे रीफ शार्क खिंडीच्या तोंडाशी आरामात तरंगत असतात. आपण 26-27 मीटरवर कड्याच्या मेलेल्या दगडात हूक अडकवायचा आणि दोरीच्या टोकाला पतंगासारखं फडफडत बसायचं. दृश्य असं की श्वास घ्यायचंही सुचत नाही. (घ्यावा लागतो. स्कूबातला पहिला नियमच तो.) शार्क सात-आठ मीटरवर येतात आणि वळतात. बुडबुड्यांचा आवाज त्यांना आवडत नाही, म्हणून जवळ आले की मी हळूहळू श्वास सोडायला शिकले.

पण सात-आठ मीटर पाण्यातून काढलेला कुठलाही फोटो म्हणजे निळं धुकं. पाणी लाल रंग आधी गिळतं, पाच-सात मीटरवरच तो जवळजवळ गेलेला असतो. त्या अंतरावर फ्लॅश मारला तर शार्कपर्यंत उजेड पोचत नाही, मधल्या पाण्यातले कण तेवढे चमकतात. फोटो पाहणाऱ्याला वाटतं बर्फ पडतोय. शिवाय या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) 800च्या वर नेला की दाणे दिसायला लागतात. मी शेवटी फ्लॅश बंद केला, पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं ही रंगाची जुळणी) सेट केला आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काही न बदललेल्या फाइलमध्ये, काढले. ते चार फोटो या पद्धतीने आलेत.

व्हेल शार्कच्या वेळी हिशोब आणखी उघडा पडला. दक्षिण आरी अटोलमध्ये, धिगुरा बेटाच्या बाजूला आम्हाला एक दिसला, साधारण पाच-सव्वापाच मीटरचा. तिथले नियम आहेत: अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर लांब राहायचं, फ्लॅश नाही. योग्यच आहे. आता टीजी-6ची सगळ्यात रुंद लेन्स 25 मिलिमीटरच्या तोडीची, आणि हाउसिंगच्या सपाट काचेमुळे पाण्यात ती आणखी अरुंद होते. तीन मीटरवरून जेमतेम तीन मीटर रुंदीचं चित्र मिळतं. मासा पाच मीटरचा. माझ्याकडे एका फोटोत तोंड आहे, एकात शेपूट, आणि एकात मधला ठिपकेदार भाग, जो साडीच्या दुकानातला तागा वाटतो. हाउसिंगवर बाहेरून बसणारी रुंद लेन्स मिळते. ती नसेल तर व्हेल शार्कला डोळ्यांनी बघा.

अलिमथा जेटीवरची रात्रीची डाइव्ह पुष्कळांना फार आवडते. तिथे नर्स शार्कची जत्रा असते, पायात येतात, अंगाला घासतात. अंतर कमी, म्हणून फोटोही बरे येतात. पण जेटीवरून माशांचे उरलेले तुकडे पाण्यात टाकत आल्यामुळे ते तिथे जमू लागले, हे कळल्यावर मला ते देवळाबाहेरच्या गायींसारखे वाटले. परत करणार नाही.

या कॅमेऱ्याचा खरा जीव आहे त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये. लेन्सपासून एक सेंटिमीटरवरची वस्तू तो फोकस करतो, म्हणजे हाउसिंगच्या काचेला जवळजवळ नाक लावलेली. दिवसभर दाढांमध्ये डोकावणाऱ्या बाईला हे अंतर घरचंच. एका समुद्रफुलात (सी ॲनिमोनमध्ये) नखाएवढा पोर्सिलेन खेकडा बसला होता. तोंडाजवळच्या दोन केसाळ पिसांनी तो पाणी झाडत होता, एकदा डावं, एकदा उजवं, आणि प्रत्येक झाडणीनंतर पीस तोंडात घालून चाटत होता. मी अकरा मिनिटं तिथेच. वरून रीफ शार्क गेला म्हणे. माझ्या बडीने, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराने, टाकी ठोकून सांगितलं, मी वर पाहिलंच नाही.

आणि ती मोरे ईल! आमच्याकडच्या वामेची दांडगी चुलत बहीण म्हणा. खडकाच्या फटीतून डोकं बाहेर काढून तोंड उघडून बसली होती आणि लाल-पांढऱ्या पट्ट्याची कोळंबी तिच्या तोंडात शिरून दात साफ करत होती. फोटोत टाळूवरचे दातसुद्धा मोजता येतात. तिच्या घशात जबड्याची आणखी एक जोडी असते, ती भक्ष्याला आत ओढते. ती फोटोत नाही आली, आणि बघायची इच्छाही नव्हती. असा शांत पेशंट मला वीस वर्षांत मिळालेला नाही.

आता हाउसिंग. सगळा खेळ एका ओ-रिंगचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याचा. आमच्या एअरोटरच्या (दाढ कोरायच्या यंत्राच्या) कपलिंगला असतात तशीच, फक्त मोठी. त्यामुळे मला वाटलं, यात मला कोण काय शिकवणार. तिसऱ्या दिवशी डेकवर गप्पा मारत हाउसिंग बंद केलं आणि माझाच एक केस रिंगवर राहिला. आठ मीटरवर काचेमागे पाण्याची रेघ दिसली. तशीच हळूहळू वर आले. चूक शंभर टक्के माझी. पण कॅमेरा स्वतःच 15 मीटरपर्यंत टिकणारा असल्यामुळे काही झालं नाही: गोड्या पाण्यात धुतला, पुसला, दुपारी परत खाली नेला. दुसरा एखादा नाजूक कॅमेरा असता तर तिथेच तिलांजली. हे एक कारण मला नवशिक्यांसाठी पुरेसं वाटतं. रिंगला कंपनी सांगते तेच ग्रीस लावा, तेही नुसती चमक येईल एवढंच. क्लिनिकमधला एअरोटरचा स्प्रे मारायचा मोह मलाही झाला होता.

हाउसिंग दमट डेकवर बंद करू नका, आत वाफ धरते. मी नंतर केबिनमध्ये एसी लावून बंद करायला लागले, आत सिलिका जेलची पुडी टाकून. बॅटरी दोन डाइव्ह पुरते, व्हिडिओ काढलात तर तेवढीही नाही. जास्तीच्या दोन घ्या. बोटीवर एकच धुण्याचं टब होतं आणि त्यात बारा जणांचे कॅमेरे बटाट्यासारखे टाकलेले. माझ्या हाउसिंगच्या काचेवरचा चरा तिथला आहे. बोटीचं नाव देत नाही, बाकी जेवण उत्तम होतं. तुम्ही मात्र आपली वेगळी बादली मागून घ्या.

माहेर मालवणचं, त्यामुळे आईला फोटो पाठवणं आलंच. ग्रे रीफ शार्कचा सगळ्यात चांगला फोटो पाठवला. तिचा फोन आला, "मोरी काय फोटो काढूक आसता? ती खावक आसता." (मोरी म्हणजे शार्क.) मालदीवमध्ये 2010पासून रीफ शार्क पकडायला बंदी आहे, हे तिला सांगितलं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, मग ते लोक खातात तरी काय.

टॉर्चबद्दल राहिलं. जवळच्या फोटोंना कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश चालत नाही, हाउसिंगची सावली पडते. मी साधा व्हिडिओ लाइट आडव्या दांडीवर बसवला आणि बाजूने तिरका मारला, तोंडात उजेड मारतो तसा. सहा हजारांचा लाइट, पण फरक मोठा. पैसे मर्यादित असतील तर रुंद लेन्सच्या आधी हा घ्या. मी रुंद लेन्स आता मागवली आहे, पुढच्या वर्षासाठी. तोवर कॅमेरा क्लिनिकमध्ये आहे, काल त्याच्यावर एका काकांच्या अक्कलदाढेचा फोटो काढला. फोकस पहिल्याच फटक्यात.