पेन, पट्ट्या आणि दोन कुप्या: गावी राहायला जाण्याआधी घेतलेली पाणीतपासणीची पेटी

सातव्या मजल्यावर ३१ वर्षं राहिले. एवढ्या काळात पाण्याबद्दल मला दोनच प्रश्न पडले: आलं का, आणि गेलं का. त्यामुळे गावाकडची घरं बघायला निघालो तेव्हा माझ्या वहीत छप्पर, रस्ता, मोबाइलची रेंज, दवाखाना किती लांब, असं सगळं रकान्या-रकान्यांत आखलेलं होतं आणि पाण्यापुढे नुसतं ‘विहीर आहे’ लिहून बरोबरची खूण केली होती. सगळी नोकरी हिशेबखात्यात झालेल्या बाईनं पावती न बघता रक्कम मांडावी, तसला प्रकार. चूक लक्षात आली तेव्हा ही पेटी मागवली. सात महिने वापरते आहे. अशा पेट्या वेगवेगळ्या नावांनी मिळतात, म्हणून नावापेक्षा आत काय निघालं आणि त्यातलं काय कामाला आलं, ते सांगते.

आत एक टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारं), रंग बदलणाऱ्या २० पट्ट्यांची डबी, रंग जुळवायचं कार्ड, जंतू तपासायच्या दोन कुप्या आणि चार पानांचं माहितीपत्रक. माहितीपत्रकाचा टाईप इतका बारीक की यांनी चष्मा काढून, परत घालून, शेवटी मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचलं.

आधी पेन, कारण घरात सगळ्यात लाडकं तेच. पाण्यात बुडवा, दोन सेकंदांत आकडा. पहिल्या दिवशी आम्ही घरातलं सगळं ओलं मोजलं: नळ, फिल्टर, कुंडीखालची बशी, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी. हे पेन प्रत्यक्षात मोजतं ती पाण्याची विद्युतवाहकता. तिला एका ठरावीक गुणकानं गुणून ‘विरघळलेले क्षार’ म्हणून दाखवतं. हा गुणक कोणी ०.५ धरतं, कोणी ०.७. माझ्या पेनवर तो कुठेच छापलेला नाही. शेजारच्या वहिनींकडचं पेन त्याच पेल्यात बुडवलं तर माझं १४२ आणि त्यांचं १९९. दोन्ही पेनं आपापल्या हिशेबानं बरोबर! खरं-खोटं करायला पाच लिटर जवळजवळ क्षार नसलेल्या पाण्यात पाच ग्रॅम मीठ टाकून बघितलं, म्हणजे लिटरला एक ग्रॅम. माझ्या पेननं हजाराच्या आसपास आकडा दिला (०.७ वालं चौदाशेच्या आसपास गेलं असतं), म्हणून ते ०.५ वालं असावं असं मी धरून चालले आहे.

मग एक गंमत केली. पेलाभर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवली. आकडा जवळपास जागचा हलला नाही. साखर विरघळते, पण तिचे विद्युतभारित कण होत नाहीत, त्यामुळे पेनला ती दिसत नाही. जंतूही दिसत नाहीत, कीटकनाशकही दिसत नाही. हे माहितीपत्रकात पहिल्या ओळीत हवं होतं. त्याऐवजी तिथे हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्याचं चित्र आहे: ३०० च्या आत हिरवं, ‘उत्तम’. या हिरव्या रंगावर माझा राग का आहे, ते पुढे येईल.

शेवटपर्यंत टिकलेली घरं दोन. एकाला कूपनलिका, आकडा ६१०. पाणी जिभेला जड, साबणाला फेस येईना, घरातल्या किटलीच्या तळाला पांढरा थर. दुसऱ्याला जुनी बांधीव विहीर, आकडा १४२, पाणी थंड आणि इतकं गोड की यांनी तीन पेले प्यायले आणि तिथल्या तिथे मला डोळ्यांनी ‘हेच’ म्हणून सांगितलं. घरमालक आजोबा कठड्याला हात टेकून म्हणाले, “ताई, चाळीस वर्षं आम्ही हेच पाणी पितोय, काय झालंय आम्हाला?” खरंच काही झालेलं दिसत नव्हतं, पोहरा माझ्यापेक्षा झपाझप ओढत होते. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी लोकांना सहसा चवीला चांगलं लागतं आणि हजाराच्या पुढे नकोसं होत जातं. म्हणजे हा आकडा मुख्यतः चवीचा. तरी आम्ही दोघं त्या १४२ वर भाळलोच.

पट्ट्यांपाशी माझं मत जरा घुटमळतं. पट्टी बुडवायची, झटकायची, नेमक्या ६० सेकंदांनी कार्डाशी जुळवायची. सामू (पीएच), जडपणा, क्लोरीन, लोह, नायट्रेट, नायट्राइट. लोहाचा चौकोन कूपनलिकेच्या पाण्यात लगेच रंगला, लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की कपड्यांवर आणि भांड्यांवर तांबूस डाग पडतात, आणि त्या घराच्या मोरीत ते डाग होतेच, आम्ही ते गंज समजलो होतो. इथपर्यंत पैकीच्या पैकी. पण ट्यूबलाइटखाली एक रंग दिसतो आणि अंगणात दुसरा, दीड मिनिटानं तिसराच. डबीचं झाकण एकदा रात्रभर उघडं राहिलं तर उरलेल्यांतल्या काही पट्ट्या दमट हवेनं कोरड्याच रंगल्या. ही चूक माझी, पण झाकण इतकं सैल असू नये.

खरी गफलत नायट्रेटच्या रकान्यात आहे. कार्डावर ‘१० पर्यंत सुरक्षित’ लिहिलंय. दहा काय? एककच नाही. नायट्रेट दोन तऱ्हांनी मोजतात, पूर्ण नायट्रेट म्हणून किंवा त्यातला फक्त नायट्रोजन म्हणून, आणि दोन्हींत जवळजवळ साडेचार पटींचा फरक आहे. आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनच्या भाषेत ११. कार्डावरचा दहा हा नायट्रोजनचा, हे मला इकडची-तिकडची आकडेमोड करून कळलं. एखाद्यानं उलटं धरलं तर चांगलं पाणी टाकून देईल. प्रयोगशाळेच्या अहवालातला ५० आणि हा १० शेजारी ठेवून घाबरणारे तर नक्की निघतील. घरात बाटलीनं दूध पिणारं तान्हं मूल असेल तर हा रकाना नीट समजून घ्यायलाच हवा. जास्त नायट्रेटनं बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते आणि अंग निळसर पडतं. शिवाय पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. आमची सून पुढच्या वर्षी बाळाला घेऊन यायची आहे, म्हणून मी या एका चौकोनावर तीन पट्ट्या खर्च केल्या. विहिरीचं उत्तर पाच आणि दहाच्या मध्ये कुठेतरी.

आता कुप्या. पेटीतली सगळ्यात साधी, दिसायला कळकट आणि माझ्या मते एकमेव अनमोल गोष्ट. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबदार जागी ठेवून द्यायचं. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर विष्ठेच्या संसर्गाचा संशय. आतड्यातले बरेच जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि आतल्या लोहाशी त्याचा काळा साका होतो, एवढंच त्याचं शास्त्र. ही चाचणी भारतातल्या संशोधकांनी १९८२ साली मांडली आणि पुढे ती अनेक देशांत वापरली गेली. एक पथ्य: पाण्यालाच सडक्या अंड्याचा वास असेल तर कुपी जंतूंशिवायही काळी पडते, मग तिच्यावर विसंबू नये.

मी दोन्ही कुप्या कपाटात शालींच्या घडीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कूपनलिकेची कुपी होती तशी. विहिरीची, त्या १४२ वाल्या गोड पाण्याची, शाईसारखी काळी. यांनी ती उजेडाला धरली, काही बोलले नाहीत, आणि पोटावरून हात फिरवला.

पुन्हा गेलो तेव्हा आम्ही पाण्याकडे न बघता विहिरीच्या आजूबाजूला बघितलं. शेणखताचा ढीग नऊ पावलांवर, चढाच्या बाजूला. कठडा एका अंगाला फुटलेला, पावसाचं पाणी थेट आत. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर तरी असावा, जमलं तर ३०. तो मात्र लांब होता. आजोबांना कुपी दाखवली. त्यांनी वास घ्यायला झाकण उघडायचा प्रयत्न केला, तो मी हाणून पाडला. चार दिवसांनी त्यांचाच फोन: ढीग हलवलाय, गवंडी बोलावलाय.

विहीर धुवायची तर आधी पाणी मोजावं लागतं. व्यास तीन मीटर, पाण्याची खोली चार मीटर, म्हणजे २८,००० लिटरच्या थोडं वर. नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथे साधारण ७० ग्रॅम. पहिल्या धुण्याला याच्या कितीतरी पट लागते आणि ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं. आम्ही तसंच केलं. पावडर बादलीत कालवून चुन्याचा साका बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणीच विहिरीत ओतायचं, हे आजोबांना आधीपासून माहीत होतं. नंतर पेटीतल्या पट्ट्यांचा क्लोरीनचा चौकोन उपयोगी पडला. तो पूर्ण पांढरा होईपर्यंत फेरतपासणीत अर्थ नसतो.

आणि इथे पेटी संपते, कुप्या दोनच! पट्ट्या वीस आणि कुप्या दोन, हे प्रमाण कोणी ठरवलं? सुट्या कुप्या वेगळ्या मागवाव्या लागल्या. शिवाय आर्सेनिक, फ्लोराइड यांचं या पेटीत नावही नाही. त्याला प्रयोगशाळाच हवी. तिथून आलेल्या निर्जंतुक बाटलीच्या तळाशी पांढरी भुकटी होती, हे ती विसळायला निघाले होते. ती भुकटी क्लोरीन मारायला मुद्दाम घातलेली असते, विसळायची नाही. बाटली बर्फात घालून सहा तासांच्या आत पोचवली. अहवाल: १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेच्या संसर्गाची खूण असलेला जंतू) आढळला नाही, नायट्रेट लिटरला ३४ मिलिग्रॅम, आर्सेनिक आणि फ्लोराइड मर्यादेत. हे ३४ नायट्रोजनच्या भाषेत साडेसातच्या थोडं वर, म्हणजे पट्टीचं ‘पाच आणि दहाच्या मध्ये’ याच्याशी जुळलं, त्याबद्दल पट्ट्यांना मी एक तारा परत दिला.

तारेच द्यायचे तर पेनला पाचपैकी दोन, पट्ट्यांना साडेतीन, कुप्यांना पाच. माहितीपत्रकाला शून्य, त्या हिरव्या रंगासाठी.

विसार दिला आहे. सामान बांधायला घेतलंय, पेटीवर ‘शेवटी बांधणे’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. विहिरीचं पाणी पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा बघायचं, कारण जमिनीवरचं सगळं तेव्हाच आत उतरतं. त्यासाठी एक कुपी शालींच्या घडीत राखून ठेवली आहे. दुसरी आजोबांनी मागून घेतली; त्यांच्या भावाच्या विहिरीसाठी हवी म्हणाले.