बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट, वर्षभर घासल्यावर (निबचं, म्हणजे पेनाच्या बदलता येणाऱ्या टोकाचं, रडगाणं जास्त आहे, आधीच सांगते)

टॅबलेट (लॅपटॉपला केबलने जोडायची पाटी, पेन तिच्यावर चालतं आणि चित्र लॅपटॉपवर दिसतं) बंद पडला नसता तर हा रिव्ह्यू लिहायचा मुहूर्त लागलाच नसता. सबमिशनच्या आठवड्यात केबल जरा हलली की कर्सर गायब, अंगठ्याने दाबून धरली की परत हजर, आणि मग एका संध्याकाळी दाबूनही काही होईना. डाव्या हाताने केबल धरून उजव्या हाताने रेषा ओढल्यात कधी? करून बघा, योगासनात मोडेल.

स्पेक्स लिहीत बसत नाही. १० बाय ६ इंचाचा एरिया, ८१९२ प्रेशर लेव्हल्स (पेनाचा दाब ओळखायच्या पायऱ्या), बिनबॅटरीचं पेन, या किमतीत आता सगळेच हे देतात. कंपनीचं नावही घेत नाही. मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इलस्ट्रेशन करायचं हे नक्की आहे, आणि टॅबलेट लग्नपत्रिकांवरची नवरा-नवरीची कार्टून्स काढून जमवलेल्या पैशातून घेतलाय, म्हणजे प्रत्येक रुपयाला चेहरा आहे. तो हिशोब डोक्यात ठेवून वाचा, कारण मी चिडून लिहितेय.

बिल होतं, वॉरंटी चालू होती, रीतसर तक्रार टाकली. त्यांनी फोटो मागितले, पाठवले. उत्तर आलं की सरफेसवर चरे दिसतायत, म्हणजे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. अहो बिघडलाय तो पोर्ट, केबल खोचायची जागा, तो मागच्या बाजूला, चरे पुढच्या बाजूला, आणि चित्र काढायच्या वस्तूवर चित्र काढल्याच्या खुणा नाही पडणार तर काय पडणार? तळ झिजलाय म्हणून तुटलेला अंगठा शिवून देणार नाही असं चपलेच्या दुकानात तरी म्हणतात का? फोन केला तर "मॅडम, सिस्टिममध्ये फिजिकल डॅमेज लागलंय, माझ्या हातात नाही". मग कुणाच्या हातात आहे? "मेल करा." मेलला उत्तर तेच, वरची तारीख फक्त बदललेली. शेवटी म्हणाले पैसे भरून दुरुस्ती होईल, पण कुरिअर तुमच्या खर्चाने, जाताना आणि येतानाही.

मग गेले तपकीर गल्लीत. पुण्यातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी, बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सची जी गल्ली आहे ती. तिथल्या दुरुस्तीवाल्या दादांनी टॅबलेटची पाठ उघडली, भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पोर्टचे पाय सुटलेत, बोर्डाला काही झालेलं नाही. केबल वाकवून दप्तरात कोंबता ना?" कोंबते. २५० रुपये. वर पोर्टच्या कडेने ग्लू गनचा ठिपका लावून दिला, तो दिसायला भयंकर आहे पण पोर्ट आता हलत नाही. एकच गोची, तो पोर्ट त्यांच्याकडे नव्हता, मागवायला लागला, त्यामुळे दोन आठवडे टॅबलेटशिवाय काढले. त्या दोन आठवड्यांबद्दल पुढे बोलते, खरं तर रिव्ह्यू तिथेच फिरला.

आधी निब. मला माहितेय निब हा काही रिव्ह्यूचा मुद्दा नसतो, लोक ड्रायव्हरबद्दल (टॅबलेट लॅपटॉपवर चालवणारं सॉफ्टवेअर) लिहितात, लॅगबद्दल (रेषा उशिरा उमटणं) लिहितात. ड्रायव्हर ठीक आहे, लॅग मला तरी जाणवला नाही, क्रितावर मस्त चालतो (क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि बारावीनंतरच्या पोराला सॉफ्टवेअरचे महिन्याला पैसे भर म्हणणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार), झालं. निबवर या. बॉक्समध्ये जादा निब देतात आणि सगळ्यांना वाटतं की हे जन्मभर पुरतील. माझा पहिला निब महिन्याभरात तिरका झिजला, छिन्नीसारखी धार आली त्याला, आणि त्या धारेनेच सरफेसवर ते चरे पाडले ज्यावरून वॉरंटी गेली. दुसरा, तिसरा, तीच गत. नवीन पाकीट मागवायला गेले तर इवल्याशा प्लास्टिकच्या काड्यांचे ते जे पैसे लावतात त्यात मला चांगल्या कागदाचं स्केचबुक येतं. आईने पाकीट हातात घेऊन विचारलं, "हे काय, कान कोरायचंय का?"

तर मी काय केलं, झिजलेले निब फेकले नाहीत. जुन्या बटणांच्या डबीत टाकत गेले, कंपनीला पुरावा म्हणून दाखवू या हट्टाने. आणि पोर्टच्या भांडणात ती डबी उघडून सगळे ओळीने टेबलावर मांडले तेव्हा एक गंमत दिसली. सुरुवातीचे निब एका बाजूने पार खाल्लेले, मधले कमी तिरके, आणि शेवटचे दोन जवळजवळ गोलच, नुसते बुटके झालेले. शिवाय शेवटच्या दोघांनी मिळून जितके महिने काढले तितक्यात आधीच्यांची अख्खी रांग संपली होती. काम तर उलट वाढलं होतं.

मी लहानपणापासून दाबून लिहिणारी. वहीच्या पुढच्या पानांवर अक्षर उमटायचं, एलिमेंटरीला मेमरी ड्रॉइंग काढताना खोडलेल्या रेषेची खाच कागदात तशीच राहायची आणि वर पोस्टर कलर लावला की ती आणखी उठून दिसायची. सर म्हणायचे चित्र काढ, कोरू नको. तो हात मी तसाच्या तसा टॅबलेटवर आणला. ८१९२ लेव्हल्स असून मी वरच्या टोकाच्या थोड्याशाच वापरत होते, ड्रायव्हरमध्ये प्रेशर टेस्टची खिडकी असते तिथे काही काढा, आकडा टोकालाच चिकटलेला. रेषा सगळीकडे एकाच जाडीची, मार्करने काढल्यासारखी. आता तसं नाही होत. पापणीची रेषा बारीक सुरू होते, मध्ये भरते, परत बारीक होऊन संपते, आणि ते मी ठरवून करत नाही, होतं.

म्हणजे निबच्या रांगेत माझी वर्षभराची प्रगती दिसतेय असं वाटून मी भलतीच खूश झाले. मैत्रिणीला फोटोसुद्धा पाठवला. तिचं उत्तर, "प्रेशर कर्व्ह कधी बदललास?"

आणि इथे खुशी जरा उतरली. कारण मधे कधीतरी मी ड्रायव्हरमधला तो ग्राफ सॉफ्टच्या बाजूला ओढला होता, म्हणजे थोडक्या दाबात जाड रेषा यायला लागली, मग दाबायची गरजच उरली नाही. निब वाचले ते सेटिंगमुळे की हातामुळे? शिवाय क्रितात ब्रश स्मूदिंग असतं, स्टॅबिलायझर लावला की हात थरथरला तरी रेषा तुपासारखी येते, आणि माझा तो बऱ्यापैकी वर चढवलेला असतो. म्हणजे सुंदर रेषा माझी किती आणि सॉफ्टवेअरची किती हे टॅबलेटवर बसून कळायला काही मार्गच नाही.

मार्ग दादांच्या पोर्टने दिला. दोन आठवडे टॅबलेट नाही, सबमिशन तर आहे, मग कार्ट्रिज पेपर, टाक आणि काळी वॉटरप्रूफ शाई. विषय होता मंडईतले लोक. कागदाला स्टॅबिलायझर नसतो आणि टाकाला कर्व्ह नसतो, दाबलं की पाती फाकतात आणि शाईचं तळं होतं, त्यामुळे खरं काय ते पहिल्याच दिवशी बाहेर आलं. रेषा आली होती! भाजीवाल्या आजींच्या हातावरच्या शिरा काढल्या, मनगटाकडे जाड, बोटांकडे विरत जाणाऱ्या, एकदाही न अडता. वर्षापूर्वी मी तो हात केसाळ केला असता, छोट्या छोट्या फरकाट्या मारून. म्हणजे हात बदललाय, निबची डबी खोटं बोलत नव्हती, निदान सगळं खोटं नव्हतं.

पण आजींचे पाय कागदाबाहेर गेले. पुढच्या कागदावर हमाल काढला, त्याचंही डोकं मोठं आणि पाय बाहेर. तिसऱ्यावर पाय मावले पण ते मावावेत म्हणून इतके आखूड झाले की हमाल खड्ड्यात उभा वाटला. हे माझं आधी होत नव्हतं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या काळात मी कागदावर आधी चौकट पाडून, आकृती बसवून मगच पुढे जायचे. झालं असं की टॅबलेटवर डोकं मोठं आलं तर लॅसो मारून, म्हणजे तेवढाच भाग फास टाकून निवडून, लहान करायचं, पाय बाहेर गेले तर कॅनव्हास वाढवायचा, डोळा वर गेला तर उचलून खाली ठेवायचा, आणि वर्षभर हेच करत राहिल्यामुळे आधी नजरेने मोजायची सवय सुटली. म्हणजे रेषा सुधारली आणि मांडणी चक्क मागे गेली. इन्स्टावरच्या आधी-आता फोटोंत हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथे तयार चित्र दिसतं, त्यामागे किती वेळा लॅसो फिरला ते नाही.

त्यामुळे टॅबलेट परत आल्यापासून थंबनेल, म्हणजे मांडणीचं छोटं कच्चं चित्र, आधी कागदावर, तेही बॉलपेनने, खोडता येत नाही म्हणून. मग त्याचा फोटो काढून क्रितात खाली ठेवते आणि त्याच्यावर काम करते. वेळ जास्त जातो का? जातो. चिडचिड होते का? होते.

अजून एक गोष्ट, निबइतकी नाही पण सांगते. तुमचं वर्तुळ अंड्यासारखं येत असेल तर हाताला शिव्या देऊ नका. टॅबलेटचा एरिया बहुतेक १६:१० असतो आणि लॅपटॉपची स्क्रीन १६:९, अख्खा एरिया अख्ख्या स्क्रीनला जोडलात की सगळं आडवं साधारण ११ टक्के ताणलं जातं. ड्रायव्हरमध्ये प्रमाण लॉक करायची टिकमार्क असते, ती लावा, खालची थोडी पट्टी वाया जाते, जाऊ दे. मी या अंड्यांमुळे कित्येक दिवस स्वतःला बिनकामाची समजत होते, तेवढी तरी चूक माझी नव्हती. तसंच पेन टेकवून ठेवलं की गोल रिंग फिरते ती विंडोजची राइट क्लिकवाली भानगड आहे, सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

छपाईचंही बघा. दिवाळीच्या आधी एका छोट्या अंकासाठी दोन रेखाचित्रं दिली होती, मानधन जेमतेम निबच्या पाकिटाएवढं. स्क्रीनवर झूम करून करून नाजूक रेषा काढल्या आणि अंक हातात आला तर अर्ध्या रेषा तुटक, काही गायब. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) एक पिक्सेल जाडीची रेषा म्हणजे छपाईच्या मापात पाव पॉइंटसुद्धा धड नाही, साध्या कागदावर ती टिकणार कुठून. नंतर सर म्हणाले जुने अंक बघ, आणि मी लायब्ररीत बसून दलाल, मुळगावकर, वसंत सरवटे या जुन्या चित्रकारांची कामं बघितली. तेव्हा रेखाचित्रं जस्ताच्या लाइन ब्लॉकवर, म्हणजे छपाईच्या ठशावर, जायची, ब्लॉकला काळा नाहीतर पांढरा एवढंच कळतं, करडा हवा तर रेषांची जाळी विणूनच मिळवायचा. सरवटे तर इंजिनिअरची नोकरी सांभाळून हे करत होते. त्यांची एकेक रेषा लहान छापूनही उभी राहते, कारण ती मुळातच त्या आकाराचा विचार करून काढलेली आहे. तेव्हापासून मी १०० टक्के झूमच्या वर जायचं नाही असा नियम केलाय, तो मोडते, पण केलाय.

तर घ्यावा का? शिकणारे असाल आणि खिशात मोजकेच पैसे असतील तर घ्या, स्क्रीनवाला नसला तरी चालतं. स्क्रीनकडे बघून खाली हात चालवायची सवय व्हायला थोडे दिवस जातात, पण एकदा झाली की मान वर राहते, हे स्क्रीनवाल्यांची मानदुखी ऐकून सांगतेय. वॉरंटी धरून किंमत जोखू नका, ती नाहीच असं समजा. केबल काढताना सरळ ओढा. सुरुवातीला दोन तारे देणार होते, पोर्ट दुरुस्त झाल्यावर तीन, आणि टाकाच्या दोन आठवड्यांनंतर साडेतीन, पण तो अर्धा तारा टॅबलेटचा की तपकीर गल्लीचा हे माझं मलाच ठरवता येत नाहीये.

निब मात्र आता विकत घेत नाही. चिपळूणच्या मामाकडे बागेतलं गवत कापायचं ब्रश कटर आहे, त्याला जी नायलॉनची दोरी लागते तिचा हातभर तुकडा आणला. निबच्या जाडीची दोरी निवडायची, जुन्या निबएवढे तुकडे कापायचे, टोक पॉलिश पेपरवर फिरवून गोल करायचं, पेनात हलक्या हाताने बसवायचं, घट्ट वाटलं तर ठोकायचं नाही, बाहेर काढून अजून घासायचं. किंचित मऊ लागते, कागदासारखी पकड येते, आणि माझ्या सरफेसवर तरी नवे चरे पडलेले नाहीत. मामा पैसे घेत नाही, दुकानातून घेतलीत तरी एका गुंडाळीत आख्ख्या वर्गाचे निब होतील. फक्त घेताना गोल दोरी मागा, चौकोनी आणि कंगोऱ्यांचीही मिळते, ती पेनात जात नाही.