मदरबोर्डवालं रेड की लिनक्सचं एमडीअ‍ॅडम? दोन्ही वापरून झालं

एका सीएच्या ऑफिसातला छोटा सर्व्हर सांभाळतो, टॅलीचा डेटा आणि शेअर फोल्डर, ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ (म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा, एक गेली तरी दुसरीवर काम चालतं). आधी मदरबोर्डच्या बायोसमधलंच (मशीन चालू होताना आधी चालतं ते बोर्डावरचं सॉफ्टवेअर) रेड होतं, आता डेबियनवर (लिनक्सचाच एक प्रकार) एमडीअ‍ॅडम, म्हणजे लिनक्समधलं रेड सांभाळणारं टूल आहे.

बोर्डाच्या खोक्यावर रेड छापलंय म्हणजे आत त्यासाठी वेगळी चिप बसवलीय असं समजू नका. बायोस बूट होईपर्यंत जोडी दाखवतो, पुढे सगळी मजुरी ड्रायव्हर आणि तुमचा सीपीयूच करतो, रेड कार्डावर असतो तसला बॅटरीवाला कॅश (लाईट गेली तरी डेटा धरून ठेवणारी मेमरी) वगैरे काही नाही. म्हणजे तेही सॉफ्टवेअर रेडच, वर बोर्डाच्या दावणीला बांधलेलं. फेक रेड म्हणतात ते उगाच नाही.

आमच्याकडे झालं काय, बोर्डावरचा सीआर २०३२ सेल उतरला, रात्री लाईट गेली, बायोस डिफॉल्टला गेला आणि साटा मोड (डिस्क कशा दाखवायच्या ती सेटिंग) रेडवरून एएचसीआयवर, म्हणजे दोन्ही डिस्क सुट्या. सकाळी मशीन एकाच डिस्कवरून आरामात बूट झालं, स्टाफने दुपारपर्यंत एंट्र्या पण मारल्या, आणि मोड परत रेडवर केल्यावर एक डिस्क पुढे एक मागे, स्क्रीनवर मात्र स्टेटस नॉर्मल!! कुठली खरी धरायची ते आम्हीच तारखा बघत बसलो.

एमडीअ‍ॅडममध्ये जोडीची सगळी माहिती डिस्कवरच असते, बायोसला काही विचारायचंच नाही. बोर्ड मेला तर डिस्क काढा, दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावा, असेंबल स्कॅनची कमांड मारा, जोडी उभी. एमडीस्टॅट फाईल (रेडची स्थिती दाखवणारी) उघडली की चौकटी कंसात दोन यू दिसतात, एक डिस्क गेली की एका यूच्या जागी अंडरस्कोर येतो, बास, एवढं बघायला कुणालाही शिकवता येतं. मेल पण येतो, फक्त मेल सेटअप आधी टेस्ट करा. बिटमॅप (कुठला भाग बदलला त्याची नोंद) चालू असेल तर लाईट गेल्यावर सगळी डिस्क परत सिंक होत नाही, तेवढाच बदललेला भाग होतो. नवीन डिस्क टाकली तर मात्र ४ टीबीला सात-आठ तास धरून चाला.

खटकलं ते बूटचं. ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाईल असतात तो डिस्कचा छोटा भाग) साधारणपणे जोडीच्या बाहेर राहतं, दुसऱ्या डिस्कवर ते हाताने बनवायला लागतं, नाहीतर पहिली डिस्क गेली की डेटा शाबूत आणि मशीन चालू होत नाही. हे बोर्डाच्या रेडमध्ये सोपं आहे, मान्य. विंडोज बूट करायचं असेल तर तिकडेच जा, इंटेलवालं असेल तर ती जोडी एमडीअ‍ॅडमला वाचता पण येते.

आणि हो, डिस्कचे सीरियल नंबर कॅबिनेटच्या झाकणाला आतून लिहून चिकटवा, कारण लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए-एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात आणि मग घाईत चांगली डिस्कच उपसली जाते.